ताईच्या खोलीला बेज की ग्रे

कापड रंगवण्याच्या कारखान्यात ताईच्या नजरेला सगळे टरकून असत. नमुन्यापेक्षा केसभर गडद आलेला तुकडा खिडकीशी नेऊन ती नुसतं "परत" म्हणायची, आणि हजार मीटर माल मुकाट परत जायचा. तीच ताई आज चार दिवस स्वतःच्या खोलीच्या भिंतीपुढे ढिम्म उभी होती. रंगाऱ्याने तिथे दोन चौकोन मारून ठेवले होते, एक बेज, एक ग्रे.

"अहो ताई, भिंत आहे, नवरा नाही!" भावजय म्हणाली. ताईही हसली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बिनलग्नाच्या बाईला अशा विनोदांवर हसायची सवय झालेली असते.

खरी मेख वेगळीच होती. दुसऱ्या शहरातल्या कारखान्याने तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. गुरुवारी जेवताना तिने विषय काढला. कुणीही नाही म्हटलं नाही. धाकटा भाऊ ताटात बघत राहिला, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी आतून तिलाच हाक मारली, आणि शुक्रवारी सकाळी रंगारी दारात हजर!

"तुझी खोली आधी करू. रंग तुझ्या पसंतीचा," भाऊ म्हणाला. इतक्या मायेने म्हणाला, की भांडायलाही जागा उरली नाही.

बेज सकाळी बरा वाटायचा, दिवा लावला की आजारी दिसायचा. ग्रे दिवसभर ग्रेच. कारखान्यात तिने चुटकीसरशी निकाल लावला असता. इथे एकावर बोट ठेवलं की खोली कायमची आपली झाली, म्हणून तिचं बोट उचलतच नव्हतं.

सोमवारी दुपारी रंगाऱ्याने हात जोडले. "ताई, आता सांगाच. आणि दोनेक वर्षांचाच प्रश्न असेल तर साधा रंग चालेल. दहा वर्षं पुन्हा रंगवायला नको असेल तर धुता येणारा मारतो."

दोन वर्षं, एवढंच म्हणायचं होतं. ताईने तोंड उघडलं.

"दहा वर्षांचा मार," भाऊ दारातून म्हणाला. "ती कुठे जातेय?"

तिने वळून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, पार घाबरलेला होता. आत वडील पुन्हा हाका मारू लागले.

"ग्रे," ताई म्हणाली.

भावाचा चेहरा उजळला. "बघ, सगळं तुला विचारूनच केलं की नाही?"

"हो," ती म्हणाली, आणि भिंतीपासून पलंग ओढायला वाकली.