साडेनऊ गोळ्या

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. दुकानाचा विषय निघाला की दुसऱ्याच गमती सांगायचो.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान होतं. मागच्या गल्लीतली एक बाई नवऱ्यावर कोयता चालवल्याबद्दल सात वर्षं तुरुंगात काढून आली आणि एका खानावळीत भाकऱ्या थापू लागली. बराकीत रात्रभर दिवा असायचा; घरच्या अंधारात तिचा डोळा लागेना. झोपेच्या गोळ्या मीच दिल्या, चिठ्ठीशिवाय. एकीच्या चार झाल्या, मग दिवसाही लागू लागल्या. भाकरी तव्यावर करपायची आणि ती नुसती बघत राहायची.

शेवटी ती आपणहून सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करायला सांगितलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, पाकीट माज्या हातात दिऊ नगासा. पाया पडले तरी न्हाय." रोज संध्याकाळी ती यायची आणि माझ्यासमोर ठरलेली गोळी घ्यायची. तीन महिन्यांत ती अर्ध्या गोळीवर आली.

गौरी-गणपतीचे दिवस होते. दुकानात गर्दी. ती आली तीच थरथरत. आणखी एक द्या म्हणू लागली. एक ओळखीचं गिऱ्हाईक हसलं, "काय मालक, जेलातल्यांची उधारीची खातीबी उघडली काय?" माझे कान तापले. एरवी मी तिला अहो-जाहो करायचो. दहा गोळ्यांचं अख्खं पाकीट तिच्या हातावर आपटलं आणि म्हणालो, "घे आणि जा."

दहा गोळ्या एकदम हाती आल्यावर ती काय करील, हे मला कळत होतं. तरी तिच्या घराकडे मी फिरकलो नाही.

सकाळी शटर उघडायला गेलो, तर ती पायरीवर बसलेली. पाकीट माझ्यापुढं धरलं. "साडेनऊ हायत. अर्धी माजी हुती, तेवढीच घेतली."

मी मोजल्या. साडेनऊच होत्या. एवढं बळ मी देवळात, तालमीत, कुठंच पाहिलेलं नाही. त्या दिवाळीनंतर तिची अर्धीही सुटली. तिला सोडवल्याचं नाव मात्र गल्लीत माझं झालं, आणि मी ते होऊ दिलं.

पुढं काही वर्षांनी, तिच्या मुलाचं लग्न झाल्यावर, ती आजारी पडली तेव्हा भेटायला गेलो. सुनेला म्हणाली, "ह्येंच्यामुळं सुटलं माजं. पाया पड." सून वाकली. मी आशीर्वाद दिला, चहा प्यालो, उठलो. पंधरा दिवसांत ती गेली.

'बाई, त्या दिवशी मला तुमची नाही, गिऱ्हाइकांची लाज वाटायला पाहिजे होती. माझं चुकलं.' घरून पाठ करून नेलेलं हे वाक्य मी त्या भेटीतून निघताना, तिच्या दारात चपला घालताना, मनातल्या मनात म्हटलं.