मिलिंदच्या खोलीकडे जाणारी वायर

१९९८ साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि माझं कुणावाचून अडत नव्हतं.

(शिक्षण चौथी पास. पण स्वारगेटच्या बस डेपोत बत्तीस वर्षं कुठली गाडी कुठल्या मार्गाला जाणार ते मी सांगायचो, आणि पदवीधर कंडक्टर मुकाट ऐकायचे!)

माझा एकुलता एक मिलिंद अमेरिकेला निघाला, तेव्हा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक कॉम्प्युटर ठेवून गेला. आत लिनक्स नावाची प्रणाली, शेजारी मोडेम. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून टपाल नेणारा डबा.

“बाबा, आता फोन नको, रोज ईमेल करू. जमेल ना?”

“अख्खा डेपो हाकलाय मी. हा एक डबा हाकता येणार नाही?”

तो गेला. घरात मी आणि हिचा फोटो. दोघंही फारसं बोलत नाही.

मोडेम लावला. किंचाळला, शिट्ट्या मारल्या, जोडला गेला. पण पत्र एक जाईना, एक येईना! गाडी फाटकाबाहेर पडते आणि स्टॉपवर पोचतच नाही! तोडलं, जोडलं, तोडलं, जोडलं. तीन दिवस! कुणाला विचारलं नाही. का विचारायचं?

चौथ्या दिवशी सकाळी समोरच्या आठवलेबाई दारात. “अहो, तीन दिवस आपला फोन एंगेज! मिलिंदने शेवटी आमच्याकडे केलाय. त्याला वाटलं, तुम्ही गेलात.”

“कुठे?”

“आता तेही मीच सांगायचं का?”

त्यांच्या फोनची तार माझ्या दारापर्यंत पोचेना. मग मिलिंदने बाईंना सांगायचं, बाईंनी जिन्यातून ओरडायचं, मी बटणं दाबायची.

“रूट लिहा म्हणतोय, रूट म्हणजे मार्ग! काय दिसतंय?”

“सगळं दिसतंय म्हणावं!”

“डिफॉल्टच्या ओळीत शेवटी काय आहे?”

“ई, टी, एच, शून्य!”

बाईंनी ते फोनवर सांगितलं, मिलिंदचं ऐकलं आणि हसल्या. मग वरच्या मजल्यावरूनही कुणीतरी हसलं.

“अहो, ते वायरचं नाव! पूर्वी मोडेम त्याच्या कॉम्प्युटरला होता, आणि तुमचा त्याच्याशी वायरने जोडलेला. तो कॉम्प्युटर त्याने नेला. तुमची पत्रं अजून त्याच वायरने चाललीत!”

वाकून पाहिलं. वायर भिंतीतल्या भोकातून मिलिंदच्या खोलीत, टोक त्याच्या पलंगाखाली. (मी ती रोज पुसत होतो!) तीन दिवस ‘जेवलास का’ लिहून मी ते रिकाम्या खोलीत पाठवत होतो. आणि म्हणे मार्ग लावणारा माणूस!

“रूट डेल डिफॉल्ट लिहा, म्हणजे जुना मार्ग पुसला जाईल, मग मोडेम परत लावा! आणि फाइलमधूनही काढा म्हणतोय, नाहीतर बंद करून चालू केलं की जुना मार्ग परत येईल!”

“फाइलचं उद्या बघू!”

सांगितलं तसं लिहिलं आणि धावत बाईंकडे गेलो. तोवर बाईंनी त्याला थंडी, जेवण, लग्नाचा विचार, सगळं विचारून फोन ठेवलाही होता.

मोडेम लावला. पत्र आलं. ‘बाबा, मी मजेत. तुम्ही कसे?’ एवढंच. चौदा वेळा वाचलं, तरी आवाज काही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जुना मार्ग परत आल्याची खात्री केली, मोडेमची तार काढून फोनला लावली आणि अमेरिकेचा नंबर फिरवला.

“मिलिंद, तुझं ते परत बंद पडलंय रे. जरा सावकाश सांग. मी चौथीच शिकलोय.”