ज्वारीतल्या सीड्या

तो वडनेर भोलजीत मुक्त सॉफ्टवेअरचं मंडळ चालवायचा. म्हणजे दर रविवारी शाळेच्या खोलीत अर्धा जिल्हा बसेल एवढ्या खुर्च्या मांडायचा आणि मला एकट्याला "मंडळी" म्हणून, सॉफ्टवेअर सगळ्यांचं असतं, असं भाषण द्यायचा. प्रचाराच्या फुकट सीड्या त्यानं एवढ्या वाटल्या, की गावात आरसे खपेनात.

एकदा त्याच सीड्या ज्वारीत पाखरं हाकलायला टांगलेल्या दिसल्या. तो बांधावर मटकन बसला.

"पाखरं येतात काय, भाऊ?" त्यानं शेतकऱ्याला विचारलं.

"एकबी नाही येत."

"माह्या सभेलेबी नाही येत."

रविवारी तोच शेतकरी खोलीत आला. "अजून सीड्या पाह्यजे होत्या."

"देतो. पयले बसा." त्यानं दाराला आतून कडी घातली आणि घसा खाकरला. "मंडळी..."