उघड्या गंजातली मासोळी

“गंज कुठं हाये?”

हाच तिचा नमस्कार. आमच्या भागात पातेल्याला गंज म्हणतात, आणि करंजाच्या झाडाखाली टोपली मांडून बसलेल्या त्या बाईसमोर तुम्ही रिकाम्या हातानं उभे राहिलात, की ती तुमच्या तोंडाकडे पाहायचीच नाही. हाताकडे पाहायची. हातात गंज नसला की टोपलीवर ओलं फडकं ओढून हायवेवरच्या ट्रकांकडे बघत बसायची. तुम्ही मेलात काय, जगलात काय.

“मावशी, पन्नीत दे न,” प्लास्टिकच्या पिशवीवर भागवू पाहणारी एखादी म्हणायची.

“पन्नीत टाकली का मासोळी घाबरते. घाबरलेली मासोळी खाल्ली का मानूस घाबरट होते. घरी जाऊन आपल्या नवऱ्याले पाय, आन मंग सांग मले.”

बाई घरी जायच्या, नवऱ्याकडे पाहायच्या आणि गंज घेऊन परत यायच्या.

तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी कॉलनीत कोणाला ओळखू येणार नाही. लाखनीकडे जाताना हायवेला लागून आमची नोकरदारांची कॉलनी. तिच्या तोंडाशी ती बसायची आणि सगळ्यांची मावशी होती. आवाज असा, की तिनं खाकरलं तरी साकोलीकडे निघालेले ट्रक आपोआप डाव्या बाजूला व्हायचे. घर मागच्या गावात, तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून. नवरा पहाटे जाळं टाकायचा, ही ते विकायची. दोघांचा संसार त्या करंजाच्या सावलीवर उभा होता.

बँकेत नवीन बदलून आलेले एक साहेब एकदा हट्टाला पेटले. गंज आणणार नाही, आणि मरळ तर पाहिजेच. मावशीनं वाद घातला नाही. भाताच्या तणसाची दोरी वळली, जिवंत मरळीच्या गालफडातून ओवली आणि साहेबाच्या बोटाला अडकवली. “न्या जी.” आता मरळ ही मासोळी पाण्याबाहेर कितीतरी वेळ जिवंत राहते, हे साहेबाला कोणी सांगितलं नव्हतं. दर चार पावलांना ती शेपटी हाणायची. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत न्हाली. मागे कुत्री. गावातली सगळी तर होतीच. मला साकोलीची दोन ओळखीची दिसली. साहेब घरी पोचले तेव्हा ते मरळीला नेत होते की मरळ त्यांना, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दुसऱ्या खेपेला साहेब गंज घेऊन आले, झाकणासकट.

“झाकन कायले? मासोळी हाये का नवी नवरी?” मावशी ओरडली. सगळ्या कॉलनीनं ऐकलं.

तुम्ही म्हणाल, बाई पर्यावरणवाली दिसते. छे! तो शब्द तिच्या दारावरून कधी गेला नाही. एकदा मी हौसेनं तिच्या नवऱ्याबरोबर तलावावर गेलो. जाळं ओढताना असं जड लागलं, की त्याला वाटलं रोहूचा थवाच आला. मला वाटलं मगर. वर आल्या त्या पन्न्या. काळ्या, निळ्या, दुधाच्या, कुरकुऱ्याच्या. एकीवर आमच्याच चौकातल्या मिठाईवाल्याचं नाव. आमच्या कॉलनीची नाली नाल्याला मिळते आणि नाला त्यांच्या तलावाला. तो माणूस उन्हं वर येईपर्यंत जाळ्यातून पन्न्या सोडवत बसला. घाई केली की जाळं फाटायचं.

“तुमी फेकता,” मावशी मला म्हणाली, “आन माझ्या घरी पाहुनी येते.”

त्या दिवसापासून आमच्या दाराशी खिळ्याला एक गंज लटकला. पुढचं सगळं माझ्या बायकोनं केलं. मासोळी धुतलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला, खवले-आतडी पपईच्या बुडाशी खड्ड्यात. तेलाला घाण्यावर बरणी जाऊ लागली, दह्याला डबा, भाजीला जुन्या लुगड्याची पिशवी. पपईला अशी फळं लागली, की एक पडलं तेव्हा शेजाऱ्याला भूकंप वाटला. आणि कचऱ्याची बादली उपाशी पडली. गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीवाल्यानं एकदा थांबून काळजीनं विचारलं, “गुरुजी, घरी सगळे बरे आहेत न?”

पाहता पाहता अर्धी कॉलनी गंजाला लागली. सकाळी करंजाखाली पितळी, जर्मनचे, स्टीलचे गंज रांगेनं मांडलेले असायचे. मावशी मासोळी कापायची, उठताना जागा धुवायची, एक खवला मागे ठेवायची नाही.

पण उघड्या गंजाची एक अडचण होती. तो उघडा होता.

आमच्या कॉलनीची गंमत अशी, की तिथं मासोळी सगळ्या घरांत शिजते आणि खाणारं मात्र कोणीच राहत नाही. कोणाचा गुरुवार, कोणाची सासू, कोणाचा हुद्दा आडवा येतो. मावशीला हे कळायचंच नाही. गुरुवारी सकाळी फुलांचं ताट घेऊन देवळाकडे निघालेल्या बाईला ती रस्त्याच्या या कडेवरून विचारायची, “काहून वो वयनी, कालचे झिंगे जमले का?” तिच्या हिशेबी ही चौकशी होती. गिऱ्हाइकानं काय खाल्लं, त्याला ते गोड लागलं का, हे विचारायचं नाही म्हणजे माणुसकीच नाही.

मग चौकात दुकान निघालं. बर्फातली मासोळी, कापून, धुऊन, काळ्या पन्नीत. वर घट्ट गाठ. काळ्या पन्नीत काय आहे ते देवालाही दिसत नाही. लोक ती पन्नी हलवत अशा थाटात घरी जाऊ लागले, जणू आत ग्रंथच आहे. करंजाखालचे गंज एकेक करून कमी होऊ लागले.

तरीही ती टिकली असती. तिला बुडवलं तिच्या प्रामाणिकपणानं.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष सेवानिवृत्त अधिकारी. तोंडानं कडक शाकाहारी. मरळ त्यांचा जीव की प्राण, तेव्हा दिवस मावळता मावळता, रस्ता रिकामा पाहून, गंज घेऊन यायचे. एका संध्याकाळी मासोळी कापून होते न होते तोच समोरून कोणी येताना दिसलं. अध्यक्षांनी तुकडे स्कूटरच्या डिक्कीतल्या डब्यात कोंबले आणि पळाले. गंज राहिला. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घ्यायचं नाही, ही मावशीची रीत. सकाळी राखेनं घासून, आरशासारखा चकचकीत करून ती थेट त्यांच्या बैठकीच्या दारात उभी राहिली.

आत पाहुणे होते. मुलगी पाहायला आलेले. घराणं असं सोवळं, की कांद्याचं नाव निघालं तरी आंघोळ करतील.

“साहेब, तुमचा गंज राहिला न माझ्यापाशी!” मावशी म्हणाली. तिचा आवाज कसा, हे तुम्हाला सांगितलंच आहे. खिडक्यांच्या काचा वाजल्या. “घासून आनला. मरळ गोड लागली का जी?”

बैठकीत अशी शांतता पसरली, की पोह्यांतला शेंगदाणा घसरल्याचा आवाज आला म्हणतात.

सोयरीक मोडली नाही, बरं का. उलट जाताना भावी व्याह्यांनी अध्यक्षांना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, “मरळ इथं ताजी मिळते का?” लग्न झालं, जेवणं झाली, मुलगी सुखात आहे. राग मात्र राहिला. मरळीवरून रागावलो असं अध्यक्षांना सांगता येईना. म्हणून त्यांना स्वच्छता आठवली.

‘हरित कॉलनी’ची सभा भरली. प्लास्टिकच्या फलकावर ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ असं लिहिलं होतं. प्रत्येक घराला एक कापडी पिशवी भेट मिळाली. पिशवी नवी राहावी म्हणून ती पन्नीत होती. ओला कचरा, सुका कचरा, कुंडीतलं खत, सगळ्यावर भाषणं झाली. मग अध्यक्ष उठले.

“कॉलनीच्या तोंडाशीच माशांची घाण बरी दिसत नाही. पाहुणे येतात. तिला दुसरीकडे बसायला सांगावं, असं मी सुचवतो.”

“घाण?” माझी बायको उठली. “ती उठून गेली का त्या जागेवर पान मांडून जेवता येते. तुमच्या बैठकीत येते का?”

मीही उठलो. जाळ्याची गोष्ट सांगितली. पन्न्या कुठून येतात, कुठं जातात, कोण त्या सोडवत बसतं. मिठाईवाल्याचं नाव छापलेलीही सांगितली. ही एक बाई उठली तर जितके गंज तितक्या पन्न्या रोज वाढतील, म्हणालो. मागून कोणीतरी विचारलं, “गुरुजी, त्या जाळ्यात मगर सापडली का नाही?” सभागृह हसलं. आयुष्यभर मी या लोकांना मगरींच्या, भुतांच्या, दोन डोक्यांच्या बैलांच्या थापा विकल्या होत्या. त्या दिवशी एक शब्दही वाढवला नव्हता. टाळ्या मात्र मगरीलाच पडल्या.

अध्यक्षांच्या बाजूनं हात वर झाले. मी एकेक हात पाहिला. त्यांतल्या निम्म्या हातांना सकाळच्या मरळीचा वास येत होता. समोरच्या रांगेत बँकेचे ते साहेब होते. त्यांचा हात सगळ्यांत उंच.

सांगायला समितीचे दोघं गेले. मागून मी गेलो.

“काहून जी?” तिनं विचारलं.

“मावशी, स्वच्छतेचं आहे,” समितीचा एकजण म्हणाला.

ती उठून उभी राहिली. बसायची गोणी उचलली, खालची जमीन पाहिली. “दाखवा न, कुठं हाये घान?”

दोघांपैकी एकानं मोबाइल काढला आणि त्यात पाहू लागला.

“बरं,” ती म्हणाली. “जागा माझ्या बापाची थोडीच हाये.”

इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं. टोपलीत निम्मी मासोळी शिल्लक होती. तिनं पाणी करंजाच्या मुळाशी ओतलं, विळा फडक्यात गुंडाळला. तेवढ्यात गल्लीतून एक बाई आली. समितीचे लोक पाहिले आणि हातातला गंज तिनं पदराखाली घेतला. मावशीला ते दिसलं. एरवी तिनं हायवे हलवला असता. आता तिनं टोपली डोक्यावर घेतली.

मग ती हायवेच्या पलीकडे, उन्हात बसून विकून पाहू लागली. ट्रकवाले थांबायचे, भाव विचारायचे. ट्रकवाला गंज कुठून आणणार? मी तिला म्हणालो, “मावशी, या ट्रकवाल्यायले तरी पन्नीत देत जा. पोटाचा सवाल हाये.”

“ट्रकवाला पन्नी फेकन कुठं, गुर्जी?” ती म्हणाली. “पुढच्या तलावात. तिथंबी कोनाचं जाळं असनच न.”

बाई मूर्ख होती, असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. मलाही त्या उन्हात तसंच वाटलं. मासोळी परत घरी जाऊ लागली. तलावाचा ठेकेदार सगळी एकदम उचलायचा, त्याच्या भावानं. त्यात चूल पेटेना. पावसाळ्यानंतर कॉलनीच्या तोंडाशी, करंजाखाली, प्लास्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं आणि फोटो काढायला एक चौकट उभी केली. गवत फार छान आहे. त्याला पाणी लागत नाही.

आम्ही नवरा-बायको एकदा तिच्या गावाला गेलो, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “ते नाही का गेले, नागपूरले? बिल्डिंगीच्या कामावर. दोघंई.”

कित्येक महिन्यांनी अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे काँक्रीट मिक्सर फिरत होता.

“गुर्जी, मी बोलून रायली. बाई बऱ्या हायेत न?”

बायकोची, वेलाची, पपईची चौकशी झाली.

“आज मासोळी इकत घेतली, गुर्जी. जलमात पयल्यांदा.”

कशात दिली, हे मला विचारवेना.

“कल्ले पांढरे पडले होते,” ती म्हणाली. “आपल्या तलावाची असन का जी?”

आता, पांढऱ्या कल्ल्याची मासोळी किती दिवस बर्फात पडून आलेली असते, हे तिला मी सांगायचं? पण मी म्हणालो, “आपल्याच तलावाची हाये, मावशी. तुह्या घरवाल्याच्या जाळ्यातून निसटली असन, म्हनून तुह्या मागंमागं नागपूरले आली.”

माझी इतकीशी थापही ती कधी चालू द्यायची नाही. चारचौघांत माझी सालं काढायची. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहिली.

“असन,” ती म्हणाली.