काकूने लख्ख घासलेली काळी पट्टी

मंडळी, आजच घडलंय, लगेच लिहिते.

देवासला आमच्या छतावर मी काम करते त्या लॅबमधली एक काळी पट्टी उन्हात ठेवली होती. स्टीलवर पाच धातू जवळपास सारख्या प्रमाणात मिसळून केलेला, केसाहूनही पातळ लेप. तो ऊन शोषून तापतो. ऊन-पाऊस सोसून किती टिकतो, ते बघायचं होतं. काकूला मी सोपं करून सांगितलं होतं, "उन्हात तापणारी पंचधातूच समज."

काकू देवळातल्या मूर्ती आणि भांडी घासते. आज दुपारी तिने हाक मारली, "ये गं, बघ! पंचधातू अशी काळी ठेवतात होय? चिंच-राख लावून कशी लख्ख केली!"

लेप गेला होता. खाली नुसतं स्टील चमकत होतं.

लॅबमधल्या सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "टेंशन मत ले. लिख दे, मौसम से उखड़ गया." पण काल मोजलं तेव्हा लेप शाबूत होता! तसं लिहिलं तर चांगला पदार्थ उगाच कच्चा ठरेल. खरं लिहिलं तर सँपल घरी असं उघड्यावर ठेवल्याबद्दल माझं काम जाऊ शकतं.

शाळेच्या आधी मला लिहायला काकूनेच शिकवलं. मी खरं लिहून पाठवलं: पट्टी घासली गेली, चूक माझी. उत्तर अजून आलेलं नाही.

तेवढ्यात काकूने विचारलं, "आता जास्त तापेल ना गं?"

मी "हो" म्हणाले.

लॅबला खरं सांगितलं आणि तिला खोटं. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?