नखानं पारखलेले टायर

ये, इकडे सरक. कागदावर का होईना, पण जवळ बस, कारण मला तुला रागवायचंय आणि मोठ्यानं रागवायचं त्राण आता राहिलेलं नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, टायर बदलायला वेळच नाही मिळाला, डिसेंबरात बघू." अगं, एर्लांगेनला राहतेस, प्रयोगशाळेत दिवसभर कसलीकसली मोजमापं घेतेस, आणि गाडी अजून उन्हाळ्याच्या टायरांवर? तुझ्या आईनं माझ्या भरवशावर तुला इकडे पाठवलंय. तेव्हा ऐक. हे मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण त्यात माझं काही चांगलं दिसत नाही.

कराडला आमचे दोन ट्रक होते, हे तुला ठाऊकच आहे. तुझे काका फिरतीवर असायचे, म्हणून टायरवाल्याकडे मी जायचे. बाईमाणूस टायरातलं काय बघणार म्हणून दुकानातली माणसं सुरुवातीला गालात हसायची. मी अंगठ्याचं नख रबरात रुतवायचे. रुतलं की टायर परत. आपल्याकडच्या तापलेल्या डांबरावर मऊ रबर बघता बघता झिजतं. आणि रबराला बारीक भेगा दिसल्या की समजायचं, माल दुकानात पडून पडून म्हातारा झालाय. एवढ्या दोन परीक्षा. त्यांच्यावर आमचे ट्रक वर्षानुवर्षं कुंभार्लीचा घाट चढले नि उतरले. माझी शाळा सातवीपर्यंतची, पण टायरात मला कुणी फसवलं नाही.

हे गेल्यावर लेकानं मला इकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आणलं. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, मधे बोलणं जेमतेम. सुनेनं मात्र कॉम्प्युटरची नोकरी सोडून किराणा पोचवायचा धंदा काढला. म्युनिकच्या गोदामातून डाळ, तांदूळ, लोणची उचलायची आणि थेट एर्लांगेनपर्यंत आपल्या लोकांच्या दुकानांना द्यायची. ट्रकचं लायसन तिनं दुसऱ्या खेपेला मिळवलं. जुना, मध्यम आकाराचा ट्रक घेतला. लेकाला ते पसंत नव्हतं, पण तो बोलला नाही. न बोलणं हे त्याचं बोलणंच असतं.

खरं सांगू का, त्या दिवसांत मला ह्या घरात कुणी काही विचारत नव्हतं. कोटाची बटणं नीट लावली का, गोळी घेतली का, एवढंच. आणि बाहेर तर काय, दिवस लवकर मावळतो, गारठ्यानं गुडघे दिवसभर कुरकुरतात. अशात ऑक्टोबरात सून म्हणाली, "आई, ट्रकचे टायर बघायला येता का? तुम्हाला कळतं त्यातलं." मी पाच मिनिटांत तयार. बूट मात्र उलटे घातले होते, ते दारात तिनंच बदलून दिले.

टायरवाला दोन्ही हात काळे झालेला, दारात मावणार नाही असा माणूस. त्यानं दोन जातीचे टायर काढून ठेवले. दोन्हींवर डोंगराचं चित्र नि त्यात बर्फाची चांदणी. ते चिन्ह असल्याशिवाय इथे बर्फात ट्रक चालवता येत नाही. एक जात बारमाही चालणारी, सरळ जाड रेघांची. दुसरी खास हिवाळ्याची. ह्या दुसरीचा एकेक ठोकळा बारीक चिरांनी भरलेला, थंडीत टाचा फुटतात ना, तसा. मी नख लावलं. रुतलं.

"हा जुना माल खपवतोय," मी सुनेला म्हटलं. "भेगा बघ. आणि रबर बघ, नुसतं लोणी."

"आई, त्या भेगा नाहीत. मुद्दाम पाडलेल्या चिरा आहेत. बर्फ धरायला, म्हणतोय तो."

"माल खपवणारा असंच म्हणणार. मागून चिरा पडल्या तरी मुद्दामच पाडल्या म्हणेल."

तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मी विचारलं, काय म्हणतो?

"म्हणतो, आजींचं नख चांगलं आहे, पण ते उन्हातलं आहे."

मला राग आला. मी बारमाहीवर थाप मारली, नख लावलं, रेघसुद्धा उठली नाही. "हा घे. पाच वर्षं बघायला नको." सुनेनं दोन्हींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि बारमाही बसवायला सांगितले. ती टायरांकडे बघून ठरवत नव्हती गं, माझ्या तोंडाकडे बघून ठरवत होती. मला ते तेव्हा कळलं होतं. कळूनही मला बरं वाटलं.

डिसेंबरात बर्फ पडला. त्या दिवशी मीही ट्रकात होते, तुझ्या गावीच यायचं म्हणून. तुला डिंकाचे लाडू द्यायचे होते. शेवटचं दुकान तुमच्याकडलंच, त्याचं अंगण रस्त्यापेक्षा खाली, उताराची वाट. खाली गेलो, पोती उतरवली, ट्रक मोकळा झाला. वर चढताना अर्ध्यावर मागची चाकं नुसती फिरायला लागली. मग सगळा ट्रक मागे निघाला. जोरात नाही. अगदी सावकाश, आवाज न करता. घाटात ब्रेक गेलेले मी ऐकलेत, पण त्यात आवाज असतो, आरडाओरडा असतो. हे नुसतं सरकणं होतं. ब्रेक दाबलेला, चाकं थांबलेली, तरी आम्ही मागे चाललेलो.

आरशात मला एक बाई दिसली. सायकल हातात धरून अंगणातून चालत येत होती, मागच्या खुर्चीत मूल. सुनेनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बाई सायकलसकट भिंतीला चिकटली. ट्रक तिच्यासमोरून घसरत जाऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी साठलेल्या बर्फात अडकला. कुणाला काही झालं नाही. ते मूल हसून आम्हाला हात हलवत होतं. सून खाली उतरली, त्या बाईची माफी मागितली, परत येऊन बसली. दुकानदारानं राख नि मीठ टाकून आम्हाला वर काढलं. लाडू डब्यातच राहिले.

घरी जेवताना सगळी हकीगत ऐकून लेकानं विचारलं, "हे असले टायर पसंत कुणी केले?"

"मी," सून म्हणाली.

"विकून टाक तो ट्रक. तुझं काम नाही ते. उद्याच जाहिरात देतो."

ती खाली बघून जेवत राहिली. माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत बसले आणि बोलले नाही. तुला लाज वाटेल माझी, पण खरं आहे ते. मला वाटलं, आता बोलले तर परत कुणी काही विचारणार नाही. रात्रभर पाठ टेकली की तो आरसा डोळ्यांपुढे यायचा.

सकाळी लेक दारात बूट चढवत होता, तिथे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "टायर मी घेतले. तो माणूस दुसरे दाखवत होता, मी ऐकलं नाही. तिचा दोष एवढाच, की तिनं मला मान दिला. ट्रक विकायचा नाही. टायर बदलायचे."

"आई, तुला कोणी विचारलं होतं?"

"तिनंच. ह्या घरात तीच विचारते."

तो बराच वेळ एकाच बुटाची नाडी बांधत बसला. शेवटी उठून म्हणाला, "मग जा आज, दोघी जा." आणि गेला. जाहिरातीचा विषय परत निघाला नाही.

आम्ही गेलो. टायरवाल्यानं दोन्ही जातीचे टायर बाहेर गारठ्यात ठेवले होते. मला खूण केली, लावा नख. आम्ही घेतला होता तसलाच बारमाही दगडासारखा झाला होता. हिवाळ्याच्यात नख तसंच रुतलं, त्या कडाक्यातही; थंडीत मऊ राहतं तेच रबर बर्फ धरतं, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला माझ्या तुटक्या जर्मनमध्ये म्हटलं, चूक माझी, हिची नाही. तो म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे बरोबर, आणि मला खुर्ची आणून दिली. सून कुजबुजली, "आई, एवढ्या गारठ्यात तुम्ही यायलाच हवं होतं का?"

"नसते आले तर इथेही तू 'मी' म्हणाली असतीस."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

आता दर ऑक्टोबरात ती मला टायरवाल्याकडे नेते. मी खुर्चीत बसते, नख लावते, आणि तो सांगेल तेच घे म्हणते. दमायला होतं आता गाडीतून उतरून त्याच्या दुकानापर्यंत चालूनसुद्धा. पण ती विचारते, म्हणून जाते.

तर बाळा, डिसेंबर नको, ह्याच आठवड्यात टायर बदल. मऊ बघ, चिरांना घाबरू नकोस. लाडू ह्या खेपेला आधीच करून ठेवलेत, आणि ट्रकात बसून ते पोचवायला यायचं माझं काही होणार नाही आता. तेव्हा तूच ये. टायर बदलले नसतील तर रेल्वेनं ये, सून स्टेशनवर घ्यायला येईल. पण लवकर ये.