डेल्बर्टचे काळे केस

सनीवेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लोर्ना विकस्ट्रॉम एकोणतीस वर्षं कोड लिहीत होती. वय अठ्ठावन्न. कमरेपर्यंत रुळणारी चंदेरी वेणी ही तिची मिजास. जेवणाच्या टेबलावर तिच्या वयाचे पाच जण बसायचे. वर्षभरात ती आणि डेल्बर्ट असे दोघंच उरले. जाण्याची रीतही ठरून गेली होती. आधी माणूस तरुण दिसायला केस काळे करून, टोपीवालं जाकीट घालून यायचा आणि महिन्याभरात त्याची खुर्ची रिकामी व्हायची.

सोमवारी डेल्बर्ट कुळकुळीत काळे केस घेऊन आला.

"काय रे, बुटाचं पॉलिश उरलं होतं का?" लोर्नाने विचारलं.

डेल्बर्ट हसला नाही. "टॅनर मला म्हणाला, 'तुझ्यात अजून ती कामाची भूक आहे ना?' आज तीन वाजता तुला बोलावलंय त्याने."

लोर्नाच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

टॅनर म्हणजे त्यांचा छत्तीस वर्षांचा साहेब. तीन वाजता त्याने दार लावून घेतलं. लोर्नाने वेणी मुद्दाम खांद्यावरून पुढे घेतली. जायचंच असेल, तर हिच्यासकट जाऊ.

"लोर्ना, तुझ्यात अजून..." टॅनर अडखळला. ती त्याच्या मानेकडे बघत होती. जाकिटाच्या पांढऱ्या कडेवर काळा ओघळ आला होता.

त्याचा हात चटकन मानेवर गेला. "दिसतंय का गं?"

"दिसतंय. तुला कोणी बोलावलंय?"

"नवा मोठा साहेब. सव्वीस वर्षांचा आहे. चार वाजता." टॅनरने घड्याळ पाहिलं आणि नोकरी संपल्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. "तोवर तुझं आटपून घेऊ."